इंजिनाचं बिऱ्हाड

सकाळचे पावणेआठ वाजलेत आणि वर्कशॉपचं शटर अजून गुडघ्याएवढंच वर गेलंय. फटीतून कुणाचे तरी बूट दिसतात आणि आत नुकत्याच सुरू केलेल्या कॉम्प्रेसरची धडधड बाहेर येते. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात, एका कम्युनिटी कॉलेजच्या मागच्या आवारात आम्ही उभे आहोत. आम्ही म्हणजे मी. माझी पुतणी गाडीतून उतरायलाच तयार नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या काट्यांवर.

"काका, बंद करू की चालू ठेवू?"

"इंजिन गरम हवं म्हणालीस ना? मग राहू दे चालू थोडा वेळ."

गाडी १९७८ची, डॅटसन २८०झेड. लांबलचक नाक, मागच्या चाकांच्या अगदी पुढे ढकललेली दोनच माणसांची बैठक, आणि तिथून शेपटीकडे उतरत गेलेलं छप्पर. हिची थोरली बहीण २४०झेड १९६९च्या अखेरीस जपानात लोकांसमोर आली आणि अमेरिकेत युताका काटायामा यांनी ती घरोघरी नेली. इथले झेडवाले त्यांना अजून 'मिस्टर के' म्हणतात. मी ही गाडी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात, एका परदेशी मासिकाच्या पानावर. हात लावायचा योग बहात्तराव्या वर्षी आला.

पण डोळे मिटून ऐकलं तर ही डॅटसन नाही. तिचं मूळ इंजिन सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांचं, २.८ लिटरचं. त्याचा आवाज कापड टरकावल्यासारखा असतो म्हणे. इथे मात्र जमिनीतून आल्यासारखी खोल, दुहेरी ठोक्याची गुरगुर आहे. पुतणीला गाडी मिळाली तेव्हा मूळ इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली होती. तिने त्या जागी शेवरले कॅमेरोचं एलएस-वन बसवलंय. आठ सिलिंडर, ५.७ लिटर, साल २००२. अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे आकार वाढला तरी वजनाचा फार बोजा होत नाही. ते बसवायला तिचे दोन वर्षांचे शनिवार गेले. आज इंजिन बसलं की नाही याची परीक्षा नाही. ते केव्हाच बसलंय आणि उत्तम पळतंय. आज कायद्याने ते या गाडीचं इंजिन ठरतं की नाही, ते ठरायचंय.

शटर वर जातं. निळ्या डगल्यातला, साठीकडे झुकलेला माणूस बाहेर येतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि गाडीभोवती एक सावकाश फेरी मारतो. एक शब्द बोलत नाही. ही फेरी मला ओळखीची आहे. एकतीस वर्षं मी आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होतो. कागद हातात घेण्याआधी गाडीभोवती एकदा फिरून यायचं, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं.

या माणसाला इथे रेफरी म्हणतात. आपल्याकडे पीयूसी असते तशी इथे दर दोन वर्षांनी स्मॉग चेक करावी लागते. नाक्यानाक्यावर तिची दुकानं आहेत. पण गाडीत भलतंच इंजिन दिसलं की ते दुकानवाले हात वर करतात. त्यांच्या यंत्रात ही गाडी आहे, हे इंजिन आहे, पण दोघांची जोडी नाही. अशी जोडी मान्य करण्याचा अधिकार राज्याच्या ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरने नेमलेल्या रेफरीला आहे, आणि त्याची केंद्रं बरीचशी अशा कॉलेजांच्या वर्कशॉपमध्येच असतात. म्हणून तर मागे चार-पाच पोरं-पोरी हातात वह्या घेऊन उभी आहेत. आज आमची गाडी त्यांचा तासही आहे.

१९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक माफ. पुतणीची गाडी तीन वर्षांनी हुकली. पूर्वी ही माफी सरकती होती, गाडीला तीस वर्षं झाली की ती सुटायची. मग कायद्याने रेघ १९७५वर गोठवली. ती पुढे सरकवायचे प्रयत्न होत असतात. टीव्हीवरच्या जे लेनोच्या नावाने ओळखलं जाणारं एक विधेयक २०२५ मध्ये आलं होतं, पस्तीस वर्षांहून जुन्या संग्राहकांच्या गाड्यांना सूट द्यावी म्हणून. ते समितीत अडकलं. पुतणीला त्याचं फारसं दुःख नाही. मला आधी नवल वाटलं होतं, आज तिच्याकडे बघताना वाटत नाही.

"कुठल्या गाडीचं इंजिन?" रेफरी पहिला प्रश्न विचारतो.

ती फाइल उघडते. मोडीत निघालेल्या कॅमेरोची खरेदीपावती, तिचा चेसिस नंबर, तिच्या बॉनेटखालच्या प्रदूषणविषयक स्टिकरचा फोटो. तो फोटो तो बराच वेळ बघतो. कॅमेरो कॅलिफोर्नियासाठी बनलेली होती की बाकीच्या राज्यांसाठी, हे त्या स्टिकरवरून कळतं. बाकीच्या राज्यांच्या इंजिनाला इथल्या गाडीत जागा नाही. इंजिन गाडीच्या सालचं किंवा त्याहून नवं हवं, जुनं चालत नाही. जातही तीच हवी, म्हणजे जड ट्रकचं इंजिन मोटारीत घालता येत नाही. हे तिन्ही दरवाजे आम्ही बसल्या जागी ओलांडतो.

"इंजिन विकत घेतलंत की गाडी?"

"गाडी," पुतणी सांगते. "मागून ठोकलेली. अख्खी."

तो पहिल्यांदाच हसतो आणि पोरांकडे वळून म्हणतो, "ऐकलंत? अख्खी."

त्या एका शब्दात सगळा मामला आहे, हे मला गेल्या दोन आठवड्यांत तिच्या गॅरेजमध्ये बसून कळलंय. इथला कायदा इंजिन नुसतं इंजिन म्हणून मोजतच नाही. इंजिन येताना आपलं बिऱ्हाड घेऊन आलं पाहिजे. ज्या गाडीतून ते आलं त्या गाडीत हवा कुठून आत येत होती, धूर कशातून गाळला जात होता, टाकीतली वाफ कुठे अडवली जात होती, कॉम्प्युटर कशाकशावर नजर ठेवून होता, ते सगळं नव्या घरात त्याच मांडणीने लागलं पाहिजे, आणि चालतं असलं पाहिजे. बदल केल्यावर गाडीने आधीपेक्षा जास्त घाण करता कामा नये, हे त्यामागचं तत्त्व. बाजारातून सुटं इंजिन आणणारा माणूस इथे येऊन रडतो, कारण त्याचं बिऱ्हाड केव्हाच भंगारात गेलेलं असतं.

बॉनेट उघडतं. झेडचं बॉनेट नाकाकडच्या बिजागरीवर फिरतं, मागची कड वर येते, मगरीने उलटा जबडा उघडावा तशी. पोरं पुढे सरकतात. रेफरीच्या हातात कागद, पण तो त्याच्याकडे बघत नाही. बोट ठेवत जातो आणि पुतणी उत्तरं देत जाते. हवा मोजणारा सेन्सर. आहे. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात ओढणारा पीसीव्ही. आहे. गार इंजिन सुरू होताना सायलेन्सरच्या वाटेत ताजी हवा फुंकणारा पंप?

"तो खाली आहे, डाव्या चाकाच्या कमानीत. वर जागा नव्हती."

"नळ्या कुठून नेल्यात?"

ती दाखवते. तो टॉर्च मारतो, नळीवरून हात फिरवत फिरवत टोकापर्यंत जातो. पुष्कळ लोक पंप बसवतात आणि नळी कशालाच जोडत नाहीत, असं तो पोरांना सांगतो. मग एक्झॉस्टच्या ओतीव मॅनिफोल्डवर थाप मारतो. "हे का ठेवलंत? या गाडीसाठी पाइपचे सुंदर हेडर मिळतात."

"मिळतात. पण मला सापडलेल्यांपैकी एकावरही ईओ नंबर नव्हता."

ईओ म्हणजे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर. धुराशी संबंध असलेला कुठलाही बाहेरचा भाग लावायचा तर त्याला बोर्डाने तपासून नंबर दिलेला असला पाहिजे. नंबर नाही, तर भाग कितीही देखणा असो, तो नापास. पुतणीने त्या मॅनिफोल्डसाठी स्टिअरिंगच्या दांडीचा कोन बदलला, इंजिनाचे माउंट दोनदा कापून पुन्हा जोडले. मी रात्री फोनवर बोलायचो तेव्हा मागे ग्राइंडरचा आवाज असायचा.

आता गाडी लिफ्टवर चढते. मला खाली जायची परवानगी आहे का, मी खुणेनेच विचारतो. रेफरी मला हेल्मेट देतो. पुतणीने माझ्याबद्दल काहीतरी सांगितलेलं दिसतंय, कारण तो माझ्या हातात स्वतःचा दुसरा टॉर्चही ठेवतो.

गाडीच्या पोटाखालून दोन नळ्या मागे जातात आणि प्रत्येकीत एक फुगीर डबा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कॅमेरोचे मूळचे थकले होते, म्हणून हे दोन नवे, ईओवाले. प्रत्येकाच्या आधी एक आणि नंतर एक, असे चार ऑक्सिजन सेन्सर. पुढचा सांगतो इंजिनाने काय ओकलं, मागचा सांगतो डब्याने त्यातलं किती पचवलं. डब्याच्या पत्र्यावर धुराच्या दिशेचा बाण ठोकलेला असतो आणि शेजारी नंबर. डावीकडचा नंबर सहज दिसतो. उजवीकडचा नेमका वरच्या अंगाला, गाडीच्या तळाकडे तोंड करून आहे.

रेफरी दंतवैद्याच्या आरशासारखा लांब दांडीचा आरसा काढतो. मी टॉर्च धरतो. आरशात अक्षरं उलटी, पत्र्यावर आधीच निळसर-जांभळी झाक चढलेली. तो एकेक अक्षर मोठ्याने वाचतो आणि एक विद्यार्थिनी लिहून घेते. मधला एक आकडा तीन की आठ, ते लागत नाही. तो डगल्याच्या बाहीने पत्रा पुसतो. तरी लागत नाही. मी टॉर्च थोडा आडवा करतो, प्रकाश घासून गेला की ठोकलेल्या अक्षराच्या कडेला सावली पडते. आठ. तो माझ्याकडे बघून मान डोलावतो. अशा आकड्यांशी माझी सगळी नोकरी गेली, ट्रकच्या चेसिसवर, गंजाखाली, ग्रीसखाली, कधी कुणी मुद्दाम घासून टाकलेल्या जागी.

लिफ्टखालून आम्ही मागच्या चाकांपलीकडे सरकतो. टाकीपाशी. पुतणी बोलायची थांबते, कारण मागच्या खेपेला गाडी इथेच नापास झाली होती.

१९७८च्या टाकीचं काम पेट्रोल साठवण्याचं आणि वाफ एका नळीने पुढे धाडण्याचं. २००२च्या कॅमेरोची टाकी त्याहून खूप सावध आहे. तिच्यात आतला दाब मोजणारा सेन्सर आहे. तिच्यातली वाफ कोळशाच्या डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो, आणि गाडी चालू लागली की एक व्हॉल्व्ह उघडून इंजिन ती वाफ ओढून जाळतं. दुसरा व्हॉल्व्ह डब्याचं बाहेरचं तोंड मिटतो. मग कॉम्प्युटर सगळी यंत्रणा बंद करून बघतो, ओढ धरून राहते की सुटते. सुटली तर कुठेतरी भोक आहे. एलएस-वनचं बिऱ्हाड म्हणजे हेही आलं. पुतणीने पहिल्या वेळी डबा लावला होता, पण बाहेरचं तोंड मिटणारा व्हॉल्व्ह वायरिंगला जोडलेला नव्हता. रेफरीने तेवढ्यावरून परत पाठवलं.

परत पाठवलं, पण हातात कागद देऊन. काय नाही, कुठे हवं, कसं तपासलं जाईल, सगळं लिहून.

मग तिने जुन्या टाकीला वरून भोक पाडून दाबाच्या सेन्सरची बैठक झाळून घेतली. आधी टाकी पाण्याने भरून आठवडाभर ठेवली, कारण पेट्रोलच्या टाकीला ज्योत लावणं म्हणजे काय ते तिला मी बजावून सांगितलं होतं. शिवाय डॅटसनच्या टाकीतला तरंगता काटा जो विद्युतरोध देतो तो कॅमेरोच्या कॉम्प्युटरला कळत नाही. टाकी अर्धी असताना त्याला ती भलतीच वाटते, आणि टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी वाटली तर कॉम्प्युटर वाफेची परीक्षाच सुरू करत नाही. तोही काटा बदलला. आता हे सगळं आमच्या डोक्यावर आहे. काळा डबा, तीन नळ्या, दोन व्हॉल्व्ह, आणि टाकीच्या खांद्यावर नखाएवढ्या रुंदीचा, एकसारख्या खवल्यांचा झाळकामाचा गोल. रेफरी त्या गोलावरून अंगठा फिरवतो. "हे कुणी केलं?"

"मीच," पुतणी म्हणते.

पोरांमधली एक मुलगी वाकून फोटो काढते.

उभ्या गाडीच्या वाफेवर एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटायचं. मग वाचत गेलो. कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. अननसाच्या स्वादाची द्रव्यं शोधण्यात ते गढलेले असताना लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या हवेने त्यांना ओढून घेतलं. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की ती घाण जशीच्या तशी धुराड्यातून येत नाही, ती आकाशात शिजते. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर कॅलिफोर्नियाचं ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणजे टाकीच्या झाकणातून निसटलेली वाफही त्या कढईत पडते, गाडी बंद असली तरी. १९६७ साली राज्याने एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट झाले. सकाळी येताना खाडीपलीकडचे डोंगर दिसत होते, त्यांच्यावरची झाडंसुद्धा मोजता आली असती. माझ्या लहानपणी पुण्यातून सिंहगड असा दिसायचा.

गाडी खाली येते. रेफरी झाकणाची दाबचाचणी घेतो, टाकीच्या तोंडाची अरुंद पट्टी बघतो, आणि चालकाच्या जागेवर बसून डॅशबोर्डखाली हात घालतो. सोळा पिनांचं सॉकेट तिथेच हवं, चालकाच्या हाताशी. आहे. तो केबल जोडतो. पडद्यावर एकेक ओळ उमटते. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या परीक्षा स्वतःच घेत असतो, कॅटॅलिस्टची, ऑक्सिजन सेन्सरची, हवेच्या पंपाची, वाफेची. प्रत्येकीपुढे 'तयार' असा शेरा यावा लागतो. तो आणण्यासाठी पुतणीने आठ दिवस गाडी एका ठरावीक पद्धतीने चालवलीय. रात्रभर गार होऊ द्यायची, पहाटे सुरू करायची, थोडं शहरात, थोडं हायवेवर एका वेगात. मी शेजारी बसून वेळा लिहायचो. वाफेचा शेरा सातव्या दिवशी आला.

सगळे तयार. पोरांत कुजबुज होते.

"आता किल्ली बंद. पुन्हा अर्धी फिरवा," रेफरी म्हणतो.

ही चाचणी सर्वांत सोपी. इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली की 'चेक इंजिन'चा दिवा लागला पाहिजे. डॅटसनमध्ये असा दिवा नव्हताच. डॅशबोर्डवरच्या इशाऱ्यांच्या पट्टीत एक खिडकी मोकळी होती, तिच्यात पुतणीने पिवळा बल्ब बसवलाय, कॅमेरोच्या कॉम्प्युटरला जोडून.

ती किल्ली फिरवते. बॅटरीचा दिवा लागतो. तेलाचा लागतो.

पिवळा लागत नाही.

ती पुन्हा फिरवते. नाही. तिचा चेहरा मला आरशात दिसतो. काल रात्री लागत होता. मी स्वतः पाहिलाय.

रेफरी घड्याळाकडे बघतो. "दिवा नाही तर पास नाही, तुम्हाला माहीत आहे." थोडा थांबतो. "पुढची गाडी अजून आलेली नाही. बघा काय करता ते."

माझ्या तोंडून सवयीने निघतं, "बॅटरी सोडव आधी." डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी कुठलाही मिस्त्री हेच करील.

"नको, काका!" ती जवळजवळ ओरडते. "बॅटरी सुटली की पाटी कोरी!"

खरंच. बॅटरी काढली की कॉम्प्युटर ते सगळे 'तयार' विसरतो. आठ दिवस पुन्हा. म्हणजे चालू विजेत, अंदाजाने, मोकळ्या बोटांनी. एखादी उघडी तार पत्र्याला टेकली आणि कॉम्प्युटरचा फ्यूज गेला तरी तोच निकाल. ती अंगठी काढून माझ्या हातात देते, घड्याळ काढते, आणि पाठीवर आडवी होऊन मान पेडलपाशी घालते. मी दारातून वाकून टॉर्च धरतो. रंगीत तारांचं जंजाळ, पण जंजाळ म्हणणं अन्याय आहे, कारण प्रत्येक जुडी मेणकापडाच्या फितीने बांधलीय आणि प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. मराठीत. 'टाकी काटा'. 'पंप रिले'. 'वाफ – बाहेरचं तोंड'.

"चौथी जुडी, काका. तपकिरी-पांढरी. दिसते का?"

"दिसते. तुझ्या करंगळीच्या वर."

"होल्डर बसलाय का नीट?"

मला दिसतंय. बल्बचा होल्डर पाव फेरा फिरवून अडकवायचा असतो, तो एका बाजूने सुटून लोंबतोय. येताना रेल्वे फाटकावर गाडी जोरात आदळली होती, तेव्हाच सुटला असणार. "सुटलाय. डावीकडे दाब आणि फिरव. हळू. तांब्याची पट्टी उघडी आहे, तिला पत्र्यापासून लांब ठेव."

तिची दोन बोटं वर सरकतात. त्या बोटांवर ग्राइंडरच्या ठिणग्यांचे बारके डाग आहेत. होल्डर भोकात शिरतो, अडतो, बाहेर येतो. ती श्वास सोडते. पुन्हा. माझा हात हलतोय हे मला टॉर्चच्या प्रकाशावरून कळतं, म्हणून मी कोपर दारावर टेकवतो. 'कट्' असा आवाज येतो.

"किल्ली फिरवा, काका. अर्धीच."

मी फिरवतो. खिडकीत पिवळा दिवा लागतो. काचेवर इंजिनाचं बारीक चित्र आहे, एका बाजूला किंचित कललेलं. तिनेच हाताने कोरलेलं.

रेफरी येऊन बघतो. इंजिन सुरू करायला लावतो, दिवा विझतो. पुन्हा बंद, पुन्हा अर्धी किल्ली, पुन्हा दिवा. मग केबल लावून परत सगळे शेरे तपासतो. सगळे तयार. पाटी पुसलेली नाही. पुतणी अजून गाडीच्या तळाशीच पडलेली आहे, डोळे मिटून.

रोलरची परीक्षा त्यामानाने लवकर उरकते. मागची चाकं जमिनीतल्या रोलरवर, गाडी पट्ट्यांनी आवळलेली, नाकासमोर मोठा पंखा, शेपटीत नळी. आधी ताशी १५ मैल, मग २५, दोन्ही वेळा रोलर चाकांना विरोध करतात. गाडी रेफरी स्वतः चालवतो. क्लच सोडताना त्याच्या भुवया वर जातात. पडद्यावर हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड यांच्या रेघा सुरुवातीला उसळतात आणि मग तळाशी बसतात. वह्यावाली पोरं आकडे उतरवून घेतात. पुतणी पडद्याकडे बघत नाही, टेम्परेचरच्या काट्याकडे बघते.

मला माझी टेबलं आठवतात. पेट्रोलच्या फियाटमध्ये आणि अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये डिझेल इंजिनं घालून आणलेले कितीतरी लोक माझ्यासमोर आले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला पाठ होतं, आजही आहे. इंजिन नंबर जुळतो का, इंधनाची नोंद बदलली का, एवढं मी बघायचो आणि चोख बघायचो. पण टाकीची वाफ कुठे जाते, हा प्रश्न मी एकालाही विचारला नाही. आता तर २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करायचाच नाही. आणि २०२१च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांच्या गाडीला वेगळी नंबरप्लेट आहे, पण ती मूळ रूपात राखलेलीच हवी, इंजिनात मोठा फेरफार नको. त्यामागची काळजी मी जाणतो. सुटलेल्या ब्रेकची, चिरलेल्या चेसिसची वाहनं मी अपघातानंतर तपासली आहेत. पण ज्या पोराच्या हातात असं झाळकाम आहे, त्याला 'नाही'च्या पुढे काही सांगता आलं पाहिजे. हे हे आण, हे असं जोड, आणि मग ये. मला ते सांगता आलं असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं.

रेफरी आतून एक स्टिकर घेऊन येतो. त्यावर इंजिनाचं साल, आकार, आणि या गाडीत आता काय काय असलंच पाहिजे त्याची यादी छापलेली. दोन वर्षांनी नाक्यावरचा कुठलाही स्मॉग चेकवाला हे वाचून गाडी तपासू शकेल. तो चालकाच्या दाराची चौकट आधी कोरड्या फडक्याने पुसतो, मग स्पिरिटने, आणि स्टिकर लावून अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेतो. एकही बुडबुडा राहत नाही. पुतणी ते बघत उभी आहे, दोन्ही हात मागे बांधून, शाळेत उभी राहायची तशी.

"आता हे याच गाडीचं," तो इंजिनाकडे हात करून म्हणतो.

बॉनेट अजून उघडंच आहे. मी खिशातली चष्म्याची डबी काढतो. तिच्यात पेन्सिलीचा एक तुकडा अजून असतो, निवृत्तीनंतरही गेला नाही. विद्यार्थिनीकडून वहीचं एक पान मागून घेतो. रेफरी काही विचारत नाही. मी पुढे वाकतो तेव्हा तो आपणहून टॉर्च धरतो, आडवा, प्रकाश घासून जाईल असा.

इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्यावर डॅटसनचा चेसिस नंबर ठोकलेला आहे, जपानात, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बहुतेक. कागद त्यावर डाव्या हाताने ताणून धरतो. एलएस-वनची ऊब मनगटाला लागते. पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासत जातो, डावीकडून उजवीकडे.

आधी एच उमटतो. मग एल. मग एस. मग ३०.